विकत घेतलेलं भजन

माझे सासरे हे वडनेरमधले, आणि माझ्या माहितीप्रमाणे अख्ख्या वर्धा जिल्ह्यातले, असे एकमेव गृहस्थ होते ज्यांनी संगणकावरच्या अटी आणि शर्ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकल्या आणि मगच ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं. ऐकल्या म्हणतो, कारण वाचून दाखवणारा मी होतो. इंग्रजीतून मराठीत, मराठीतून वऱ्हाडीत, आणि तेही सासुरवाडीच्या भरपेट जेवणानंतर. मध्येच माझा डोळा लागला की ते माझ्या गुडघ्याला हात लावून हळूच म्हणायचे, “जवाईबापू, आपण ‘तिसऱ्या पक्षा’पाशी थांबलो होतो.”

त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. आमच्या भागात सासऱ्याला मामाजीच म्हणतात. हे काम माझ्याकडे येण्याचं कारण असं, की मी सेवाग्रामच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसतो. माझ्यासमोर संगणक असतो. मी त्यात नाव, वय आणि गाव भरतो, आणि तो अडकला की शेजारच्या खिडकीतल्या बाईंना हाक मारतो. पण सासुरवाडीत माझी ओळख ‘कम्प्युटरातले जवाई’ अशी होती, आणि मी ती कधी खोडून काढली नाही. जावयाला मान मिळावा अशी कारणं माझ्यापाशी मुळात थोडी. त्यातलं एक आपल्या हातानं कशाला कमी करा?

मामाजी शेतकरी. घरी बैलजोडी होती आणि ती शेवटपर्यंत होती. ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी तो भाड्यानं वापरला, पण त्याच्याशी त्यांची बोलचाल कधी झाली नाही. बाकी सगळ्या यंत्रांशी मात्र होती. जे आपल्यासाठी राबतं ते बैल, असा त्यांचा साधा हिशेब होता. मोटारपंपाचं बटण दाबण्याआधी ते “चाल बाप्पा” म्हणायचे. स्कूटरवरून जाताना चढ लागला की खाली उतरून तिच्या बाजूनं चालायचे, चालू स्कूटर हातात धरून. हॉर्न वाजवायचे नाहीत, कारण तिला ओरडायला लावणं त्यांना बरं वाटत नसे. पंख्यालासुद्धा दुपारी थोडा वेळ सुट्टी असायची. आम्ही घाम पुसत बसलेलो असायचो आणि पंखा विश्रांती घेत असायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “साऱ्यायले सुट्टी हाय या घरात. मलेच नाई देली यायनं कधी.”

दुसरी खोड अशी, की फुकटचं काही घ्यायचं नाही. हॉटेलात पडलेला पेपर ते वाचत नसत. स्वतःचा विकत घेऊन त्याच हॉटेलात बसून वाचत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्याची बशी हातात असताना माझा मोबाइल वाजला. त्या वर्षी गाजत असलेलं एक गाणं. मामाजींनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे गाणं तुमचं हाय का?” मी म्हटलं, हो. “कोनापासून घेतलं?” वर्ध्याच्या एका मोबाइलच्या दुकानात मी अख्खं कार्ड गाण्यांनी भरून घेतलं होतं, हे मी अभिमानानं सांगितलं. पुढे बरेच दिवस त्यांच्याकडून होकार आला नाही. माझी बायको अजून म्हणते, त्या गाण्यामुळेच. मला माझ्या नाकाचा संशय होता, त्यामुळे गाण्यावर भागलं याचं मला बरंच वाटतं.

आता किसनाजींबद्दल सांगायला हवं. वडनेरच्या स्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान, आणि गावच्या खंजेरी भजन मंडळाचे ते मुख्य गायक. मामाजी त्यांच्या डाव्या हाताला बसून खंजेरी वाजवायचे. स्वतः मात्र गायचे नाहीत. शब्द त्यांना सगळ्या भजनांचे पाठ होते, पण चाल एकच यायची, आणि ती कुठल्याच भजनाची नव्हती. पोळ्याच्या दिवशी गावाच्या मैदानात बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, झडत्या, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या पोळ्याच्या आरोळ्या, म्हणून झाल्या, की तोरण तुटून पोळा फुटायच्या आधी किसनाजी एक भजन म्हणायचे. त्यांनीच रचलेलं, चालही त्यांचीच. ते बैलाच्या तोंडी होतं: ‘उतरव धन्या जू आता, खांदा झाला जड.’ शेवटच्या कडव्यात ते आवाज असा काही उचलायचे आणि वरच धरून ठेवायचे, की माणसं बोलायची थांबायची. बैलही थांबायचे असं मामाजी सांगत. मी बैलांकडे नीट पाहिलेलं नाही, कारण त्या वेळी मी बैलांपासून लांब उभा असायचो.

एका वर्षी नागपूरच्या एका छोट्या कंपनीची माणसं आली आणि मंडळाची भजनं भरून घेऊन गेली. कॅसेट आणि सीडीचे दिवस सरत आले होते. भजनं कंपनीच्या वेबसाइटवर विकत मिळणार होती. गावात सगळ्यांना आनंद झाला. विकत कोणीच घेतली नाहीत. आपल्याच गावचं भजन पैसे देऊन कोण ऐकेल? ज्यांनी ऐकलं ते एकटे मामाजी. त्यासाठी त्यांनी संगणक घेतला, मधल्या खोलीत ठेवला, मला बोलावलं, आणि ते अटी-शर्तींचं पारायण झालं.

भजन उतरलं, वाजलं. मामाजी डोळे मिटून, मांडीवर खंजेरीचा ठेका धरून बसले. मग मी हुशारी दाखवायला ते पेन ड्राइव्हवर घेतलं, की टीव्हीला लावू. टीव्ही गप्प. माझ्या मोबाइलवर घेतलं. मोबाइल गप्प. बायकोच्या लॅपटॉपवर लावलं तर त्यानं निदान सांगितलं तरी, की या यंत्रावर हे गाणं वाजवण्याची परवानगी नाही. मी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात समजावलं, की हे चोरी होऊ नये म्हणून आहे, गाणं फक्त ज्या संगणकावर विकत घेतलं त्याच्यावरच वाजेल. म्हणजे ज्यांनी फुकट भरून घेतली त्यांची गाणी एसटीत, शेतात, न्हाणीघरात वाजत होती, आणि अख्ख्या तालुक्यात ज्या एका माणसानं भजन विकत घेतलं होतं त्याच्यावर पहारा बसला होता.

मी चिडलो. मामाजी चिडले नाहीत. ते संगणकाकडे बघून म्हणाले, “बैल आनला घरी. पैसे देल्ले. अन् तो म्हन्ते, मी याच गोठ्यात चारा खाईन, वावरात येनार नाई.” मग संगणक बंद करताना, “पन आपन होय म्हटलं ना. तुमी वाचून दाखवलं, मी होय म्हटलं. आता तो येईन तसा येईन.”

हिंगणघाटला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या माणसानं मला सांगितलं, की असली कुलपं तोडून मिळतात, संध्याकाळी घेऊन जा. हे मी मामाजींना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं, म्हणजे ते मामाजींना पंधरा मिनिटांत कळलं. त्यांनी नुसतं विचारलं, “तुमी वाचलं त्याच्यात तोडासाठी काई होतं काय?” होतं. तोडायचं नाही, आणि समोर मोबाइल धरून भरूनही घ्यायचं नाही. ते वाचताना मी पूर्ण जागा होतो, दुर्दैवानं.

पुढे ती कंपनी बंद पडली. फोन लागेना, वेबसाइट उघडेना. मामाजींचं भजन त्या एका संगणकात तेवढं राहिलं. मी म्हटलं, “मामाजी, आता विचारणारं कोणी उरलं नाही. आता तोडायला काय हरकत आहे?” ते म्हणाले, “कंपनी बंद पडली. माहा शब्द बंद पडला काय?”

एवढ्यावर हा विषय संपला असता, पण किसनाजींचा घसा गेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गेला. ते सेवाग्रामला आले तेव्हा खिडकीत मीच होतो. नाव, वय, गाव मी भरलं. ऑपरेशन चांगलं झालं, माणूस वाचला, दुकान परत उघडलं. आवाज तेवढा परत आला नाही. त्या वर्षीच्या पोळ्याला तोरणाखाली झडत्या झाल्या आणि तोरण तुटलं. मध्ये भजन झालंच नाही. मंडळातल्या मागच्यांना फक्त मागचं येत होतं, म्हणजे धरून ठेवायची ओळ. पुढचं, चढायचं आणि वळायचं, ते किसनाजींच्या गळ्यातच होतं. मामाजी त्या दिवशी घरी आले आणि खंजेरी त्यांनी खुंटीला लावली ती उलटी, चामडं भिंतीकडे करून.

दुसऱ्या वर्षी आखाड लागल्यावर त्यांचा मला फोन आला. “जवाईबापू, त्या अटीत ‘घरची मानसं’ असं होतं ना? घरच्या मानसायनं ऐकलं तर चालते?” चालतं, मी म्हटलं. “अन् घरची मानसं म्हंजे कोन, ते मी तुमाले इचारलं होतं. तुमी म्हटलं, घरात जेवतात ते.” मी हे कधी म्हटलं ते मला आठवेना. बहुतेक तिसऱ्या पक्षाच्या आसपास झोपेत म्हटलं असणार. पण कायद्याचा मी लावलेला तो एवढा एकच अर्थ कोणीतरी लक्षात ठेवला होता, तेव्हा मी ठामपणे हो म्हटलं.

त्या दिवसापासून दर शनिवारी मामाजींच्या घरी पंगत बसू लागली. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मंडळातली माणसं यायची, आधी जेवायची आणि मग घरची होऊन मधल्या खोलीत संगणकासमोर बसायची. सासूबाई म्हणायच्या, “भजन एक अन् परात भरून कनीक. त्या कंपनीले म्हना, थोडी कनीक पाठवा.” आणि जी गाणार होती तिला मामाजींनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. किसनाजींची सून, वनिता. मशीनवर बसली की ती गुणगुणते, हे त्यांनी दुकानाच्या मागच्या बाजूनं जाताना ऐकलं होतं. सासऱ्यासमोर ती कधी गायली नव्हती. ती येऊ लागली, पण एका अटीवर, की घरी कळू द्यायचं नाही. वडनेरसारख्या गावात ही अट किती दिवस पाळली जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळ्यांनी मान डोलावली.

किसनाजींनाही मामाजींनी एकदा आणलं होतं, त्याआधी, एकट्याला. भजन लावलं. स्वतःच्या आवाजाची पहिली ओळ झाली आणि किसनाजी उठून चपला घालून निघून गेले. मामाजी त्यांच्या मागे गेले नाहीत. ऐकणाऱ्यालाही सुट्टी लागते, एवढंच म्हणाले.

वनिता भराभर शिकत होती. अडचण मामाजींचीच होती. एक कडवं दोनतीनदा वाजलं की ते संगणक बंद करायचे. “गरम झाला. आता त्याले राहू द्या.” ती म्हणायची, “काकाजी, एकडाव अजून.” ते म्हणायचे, “येत्या शनिवारी.” संगणक म्हातारा झालाच होता, त्याचा पंखा आतून भिरभिरत ओरडायचा. हिंगणघाटच्या दुकानदारानं मला बजावलं होतं, की आतला मुख्य भाग बदलावा लागला तर हा नवा संगणक समजला जाईल आणि गाणं पुन्हा परवानगी मागेल, आणि ती देणारी कंपनी तर उरलेली नाही. हे मामाजींना माहीत होतं. म्हणून तर ते त्याला एवढं जपत होते. पोळा जवळ आला तेव्हा बाकी सगळी कडवी बसली होती आणि शेवटचं राहिलं होतं, आवाज उचलायचं. ते खांदशेकणीच्या दिवशी घ्यायचं ठरलं.

खांदशेकणी म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे त्या दिवशी गरम पाण्यानं शेकतात, हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानांनी चोळतात, आणि त्यांना आवतण देतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी आणि बायको दुपारी पोचलो तेव्हा मामाजींचे बैल शेकून झाले होते. मामाजी गोठ्यात नव्हते. ते मधल्या खोलीत होते, हातात तीच वाटी आणि तीच पानं. संगणकाचा खांदा कुठे असतो यावर त्यांनी विचार केला होता. मागून जिथून गरम हवा येते, रोज तापते, तिथंच दुखत असणार.

मी “मामाजी, पाणी!” म्हणेपर्यंत वाटी पुढे गेली होती. त्यांनी पाण्याचा हात फिरवला, हळद-लोणी लावलं, आणि वाकून हळू आवाजात आवतणही दिलं. पाहुणा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला नाही. आतून चर्र आवाज आला, लोणी कढवल्यासारखा वास आला आणि दिवा गेला.

मी तो संगणक मोटरसायकलवरून हिंगणघाटला नेला. बायको मागे बसली, मांडीवर त्याला दुपट्ट्यात गुंडाळून, बाळाला दवाखान्यात न्यावं तसं. दुकानदारानं उघडून आधी वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. मी सेवाग्रामला दवाखान्यात असतो हे मी त्याला सांगितलं, का ते मला माहीत नाही. त्यानं होता नव्हता तो जुना भाग शोधून बसवला आणि यंत्र सुरू केलं. सगळं दिसत होतं, भजनाचं नावही. दाबलं तर परवानगी मागितली आणि पत्ता सापडत नाही म्हणून सांगितलं.

परत आलो तेव्हा मंडळ ओट्यावर बसलं होतं, वनिता आत सासूबाईंजवळ. मी काही बोलायच्या आधीच माझ्या तोंडाकडे पाहून मामाजींना समजलं. “मीच मारला त्याले,” ते म्हणाले. बायको म्हणाली, “बाबा, त्याचं वय झालं होतं.” ते म्हणाले, “किसनाचा गळा होता त्याच्यात. माह्या घरी ठेवला होता.” सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला.

मग मामाजी उठले, भिंतीकडे तोंड केलेली खंजेरी खुंटीवरून काढली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी मागे गेलो. वनिता आमच्या पुढे आडव्या गल्लीनं धावत घरी पोचली असणार, कारण आम्ही गेलो तेव्हा ती दुकानाच्या मागच्या दारात पदर सावरून उभी होती.

किसनाजी झुली शिवत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक जोडीची झूल त्यांच्या मशीनवर असते. मामाजींनी सरळ सांगून टाकलं. भजन, शनिवार, वनिता, हळद, लोणी, सगळं. लोण्यापर्यंत आल्यावर किसनाजींचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग त्यांनी मशीनवरचा कपडा बाजूला केला. मेजावर काळ्या कापडाचा तुकडा पसरला आणि कपडे आखायचा खडू घेतला. एक आडवी रेघ, हळू वर चढणारी, मग बाहीचा गोल आखावा तसं वळण, थोडं खाली, पुन्हा वर, आणि तिथे बराच वेळ लांब. त्यांनी मामाजींकडे बोट केलं. मामाजींना कळलं. त्यांनी त्या कडव्याचे शब्द म्हटले, त्यांच्या त्या एकाच चालीत. किसनाजींनी कपाळाला हात लावला आणि मागच्या दाराकडे बघून बोटानं खुणावलं, ये.

वनिता मेजाशी आली. सासऱ्याच्या बोटाखाली रेघ होती. तिनं डोकं खाली ठेवूनच सुरुवात केली, बोट चढेल तशी चढत. चुकलं की किसनाजी मेजावर टिचकी मारायचे, कापडाच्या कोपऱ्यानं रेघ पुसायचे आणि पुन्हा काढायचे. मामाजी खंजेरी अगदी दबक्या हातानं वाजवत होते. बाहेर झुली घ्यायला आलेली माणसं दारातच उभी राहिली, आणि झूल कोणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात बैल सजून उभे होते. झडत्या झाल्या, हसणं-खिदळणं झालं, आणि मामाजी पुढे जाऊन बसले. त्यांच्या उजव्या हाताला वनिता. एवढ्या गावासमोर बाई मंडळात पुढे बसते आहे याबद्दल दोनचार जण कुजबुजले, पण खंजेरी वाजली तशी कुजबुज थांबली. कडवं कडव्यावर येत गेलं. मागचे आपली ओळ धरत होते. शेवटचं आलं. तिनं आवाज उचलला, वळण घेतलं, आणि जिथे काल रेघ थोडी खाली आली होती तिथे ती आलीच नाही. अजून वर गेली आणि तिथेच राहिली. मामाजींचा हात खंजेरीवर थांबला. ते किसनाजींकडे बघत होते, आम्हीही. किसनाजी झुलीवर हात ठेवून एका बैलाच्या शेजारी उभे होते. त्यांनी बैलावरचा हात उचलला, हळूहळू वर नेला, तिच्या आवाजाइतका, आणि तिनं सोडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. मामाजींची खंजेरी पुन्हा सुरू झाली.

भजन संपल्यावर लक्षात आलं, की निम्मं गाव मोबाइल वर करून उभं होतं. बहुतेकांना सुरुवात पकडता आली नव्हती. एकडाव अजून, एकडाव अजून, असा गलका झाला. मामाजींनी सगळ्या मोबाइलांवरून नजर फिरवली. मी मनाशी म्हटलं, आता इथे अटी आणि शर्ती निघणार.

ते वनिताकडे वळले. “बाई, तुह्यं हाय हे. भरू देवाचं काय यायले?”

वनितानं किसनाजींकडे पाहिलं, मग गर्दीकडे. “भरू द्या ना, काकाजी.”

मामाजींनी मांड सावरली, खंजेरी छातीशी घेतली आणि मागे उभ्या असलेल्यांना हातानं बोलावलं. “मंग तिकडं काऊन उभे हाय? जवळ या, जवळ. इथून साजरं भरन.”